कोऱ्या कुपीतलं थायरम

जुलैत पेरण्या आटोपल्या की निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात उरलेलं सोयाबीन बियाणं कुठे ना कुठे पडून असतं. पेरणीआधी त्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक (७५ टक्क्यांची पावडर) चोळलेलं असतं. असं बियाणं वरचा रंग धुऊन खाण्याच्या दाण्यात मिसळलंय की काय, ही शंका घेऊन दोन पुड्या आमच्या बेळगावच्या प्रयोगशाळेत आल्या. एक संशयित मालाची, दुसरी ताडून पाहायला साध्या दाण्याची.

आम्ही तपासतो ते रामन पद्धतीने: नमुन्यावर लेझर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशातल्या शिखरांवरून पदार्थ ओळखायचा. एरवी हा रामन सिग्नल फारच दुबळा, कोटीतला एखादा प्रकाशकण कामाचा. म्हणून तो वाढवायला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा आधार. आम्ही ली-माइझेल यांची १९८२ ची पद्धत वापरतो. १०० मिली पाण्यात १८ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, उकळी आली की १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली थेंबथेंब, मग तासभर मंद उकळ आणि सतत ढवळणं. रंग हिरवट-करडा होतो, शोषणाचं शिखर ४२० नॅनोमीटरच्या आसपास येतं. शिखर पसरट निघालं तर ती बॅच ओतून द्यायची, वाचवत बसू नये.

पाणी बोअरचं चालत नाही. त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइडचा दुधट गढूळपणा येतो. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला की कळतं. काचसामान ॲक्वा रेजियाने धुण्याची सवयही इथे घातक: सोन्याला ठीक, चांदीवर मात्र क्लोराइडचा थर बसतो. आधी नायट्रिक ॲसिडच.

दाणे दळायचे नाहीत. दळले तर प्रथिनं चांदीवर चिकटून जागा अडवतात. नुसते मिथेनॉल-पाण्यात दोन मिनिटं हलवायचे. ९०० मायक्रोलिटर कोलॉइडमध्ये (म्हणजे चांदीचे कण तरंगत असलेल्या त्या पाण्यात) १०० मायक्रोलिटर अर्क, वर अर्धा मोलर मिठाचं पाणी २० मायक्रोलिटर. मीठ पडलं की कण एकमेकांजवळ येतात, आणि त्यांच्यातल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीतच खरा सिग्नल वाढतो. दोन ते दहा मिनिटांत मोजून घ्यायचं, नंतर गाळ बसतो. यंत्र बरोबर मोजतंय का हे कळायला सिलिकॉनची रेघ ५२०.७ वर (एकक: प्रति सेंटिमीटर) आहे ना, हे आधी पाहायचं.

त्या दिवशी ७८५ नॅनोमीटर लेझरवर संशयित पुडीचं १३८० चं शिखर ठळक आलं, ५६० चंही. थायरमची ओळखच ती. साध्या दाण्यातही आलं, थोडं कमी. आमच्यातल्या एकाने अहवालाचा मसुदासुद्धा टाइप करायला घेतला. मग कोरी कुपी लावली, त्यात नुसता द्रावक. निरीक्षण करणारी पोर म्हणाली, "सर, ह्यातबी तेच येतंय की!"

मग एकेक गोष्ट सुटी करून तपासली. नुसतं कोलॉइड आणि मीठ: २४० जवळ फक्त चांदी-क्लोराइडची रेघ. मायक्रोपिपेटने घातलेला द्रावक: स्वच्छ. तोच द्रावक रबरी फुग्याच्या ड्रॉपरने: १३८०. रबरी हातमोज्याचा तुकडा दहा मिनिटं द्रावकात बुडवला, तर १३८० सगळ्यांत उंच.

रबर घट्ट करायला थायुराम आणि डायथायोकार्बामेट ही गंधकयुक्त रसायनं त्वरक म्हणून वापरतात. थायरम त्याच घराण्यातला. चांदीवर त्याचा गंधक-गंधक बंध तुटतो, उरलेला भाग गंधकानेच पकडून बसतो. म्हणून अगदी किंचित अंशही ओरडून सांगतो, ग्लुकोजसारखं काही मात्र असूनही गप्प राहतं. पकड हीच या तंत्राची ताकद, आणि नेमकी तीच आम्हाला नडली.

ड्रॉपर बाजूला ठेवले, पॉलिथिनचे हातमोजे घातले, नवी काच, नवा द्रावक. प्रत्येक पुडीचे तीन अर्क, प्रत्येक अर्कामागे एक कोरी कुपी. साध्या दाण्यातलं शिखर पुरतं गेलं. संशयित पुडीतलं मात्र जागचं हललं नाही, तिन्ही अर्कांत तसंच.

तरी कागदावर "थायरम" असं लिहिलं नाही. झायरम आणि फर्बाम ही त्याच गटातली बुरशीनाशकंही चांदीवर जवळपास असाच आलेख देतात, कारण चिकटतो तो तुकडा एकच. "डायथायोकार्बामेट गट आढळला" असं लिहिलं, आणि नेमकं कोणतं ते ठरवायला उरलेला अर्क क्रोमॅटोग्राफीसाठी (घटक वेगळे करून ओळखायच्या चाचणीसाठी) फ्रीजमध्ये ठेवला, झाकण रबराचं नसलेल्या कुपीत.