कॅपिटॉल रीफमधले रांजणखळगे

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे सॉल्ट लेक सिटीहून अमेरिकेच्या युटा राज्यातल्याच कॅपिटॉल रीफ राष्ट्रीय उद्यानात तीन दिवसांसाठी गेलो होतो. रोज सकाळी एखादी छोटी वाट धरायची आणि दुपारी उशिरा परतायचे, एवढाच बेत होता. लाल कातळाच्या या मुलखात पायी भटकायला वसंताइतका चांगला काळ नाही, असे माझे मत दर खेपेला अधिक पक्के होत जाते. उन्हाळ्यात सावली नसलेला खडक तव्यासारखा तापतो आणि जुलैपासूनच्या वादळी सरींमुळे अरुंद घळींमध्ये पाहता पाहता लोंढा येतो. एप्रिलमध्ये मात्र पहाटे स्वेटर लागतो, दुपारी सदऱ्यावर चालता येते, आणि ओढ्याकाठच्या कॉटनवूडच्या झाडांना कोवळी पोपटी पालवी फुटलेली असते.

पहिल्या दिवशी हिकमन ब्रिजची वाट केली. जाऊन-येऊन तीन किलोमीटरांची ही वाट चढून गेल्यावर सुमारे 40 मीटर लांबीची नैसर्गिक कमान समोर येते. मला मात्र वाटेवरच्या काळ्या गोल दगडांनीच थांबवले. लाल-पिवळ्या वालुकाश्मावर सह्याद्रीतल्यासारखे काळे धोंडे विखुरलेले पाहून क्षणभर कुठे आलो आहोत तेच कळेना. हे लाव्हाचे दगड पश्चिमेकडच्या उंच पठारांवरून चिखल-पाण्याच्या लोंढ्यांबरोबर इथवर आलेले आहेत. वाटेच्या कडेला जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, त्यावर पाय पडू देऊ नये. सूक्ष्म जिवाणूंच्या तंतूंनी वाळूचे कण एकत्र बांधून तो तयार झालेला असतो. तो पाऊस धरून ठेवतो आणि वाऱ्यापासून मातीही वाचवतो, पण एकदा तुडवला गेला की भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

दुसरा दिवस कॅपिटॉल गॉर्जचा. 1962 मध्ये फ्रीमाँट नदीच्या काठाने नवा महामार्ग होईपर्यंत मोटारींचा मुख्य रस्ता याच घळीच्या तळातून, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जात असे, आणि प्रत्येक पुरानंतर लोकांना दगडधोंडे बाजूला सारून तो पुन्हा मोकळा करावा लागे. भिंतीवर इथल्या प्राचीन मूलनिवासी फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कोरलेली चित्रे आहेत. थोडे पुढे 1871 पासूनच्या वाटसरूंनी कोरलेली नावे आहेत. दीड किलोमीटर चालल्यावर डावीकडे एक छोटी, पण उभी चढण लागते, आणि वर गेल्यावर कातळात पाण्याने भरलेले खड्डे दिसतात.

ते पाहताच मला निघोजचे रांजणखळगे आठवले. कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी काळा कातळ घासून ते रांजण कोरले. इथे मात्र बारमाही नदी नाही. साचलेल्या पावसाच्या पाण्याने वालुकाश्मातले कण धरून ठेवणारे खनिज विरघळते, सुटे झालेले कण वारा किंवा पुढचा पाऊस उचलून नेतो आणि खळगा हळूहळू खोल होत जातो. जवळपास 160 किलोमीटर लांबीच्या या दुमडलेल्या खडकरांगेला वॉटरपॉकेट फोल्ड हे नाव याच खळग्यांमुळे पडले.

मी एका खळग्याच्या काठावर पालथी पडून बराच वेळ पाहत राहिले. तळाशी लालसर गाळ होता, आणि त्यावर नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक जीव उताणे पोहत होते. ही परी-कोळंबी. पाणी आटले की ती मरते, पण तिची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षे तग धरतात आणि पाऊस झाला की फुटतात. अंगाला लावलेले क्रीमसुद्धा या पाण्यात विरघळून त्यांना अपाय करू शकते, म्हणून इथे पाण्यात हात घालायचा नाही. माझा हात आपोआप पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

संध्याकाळी उद्यानातल्याच फ्रुटा या जुन्या वस्तीत उतरलो. 1880 च्या दशकात आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी नदीचे पाणी पाटाने आणून इथे फळबागा लावल्या, आणि त्या आजही राखल्या जातात. लाल कड्याच्या पायथ्याशी सफरचंदाची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरली होती. पाटाला पाणी सोडलेले होते आणि ते एकेका झाडाच्या बुंध्याशी जाऊन पोहोचत होते.