सायकलीला हवी सोबत

माझी मुलगी पाचवीत गेली तेव्हा आम्ही तिला सायकल घेऊन दिली आणि पुढचे चार महिने ती सायकल सोसायटीच्या आवारातच फिरत राहिली. शाळा घरापासून जेमतेम अडीच किलोमीटरवर आहे, कर्वेनगरहून कोथरूडला जाणारा रस्ताही तिच्या पायाखालचा आहे. तरीही रोज सकाळी पावणेसातला मी तिला स्कूटरवर मागे बसवून शाळेच्या फाटकाशी सोडत असे. कुणी कारण विचारले, की मी रहदारीचे नाव सांगत असे. त्या फाटकासमोर सात वाजता उसळणारी रहदारी मात्र माझ्यासारख्याच पालकांच्या स्कूटरींची आणि मोटारींची होती, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळाविषयी माझे वडील बोलतात तेव्हा ते मोकळ्या रस्त्यांपेक्षा मित्रांबद्दल अधिक बोलतात. एकाच वाड्यातली, एकाच आळीतली मुले एकाच शाळेत जात. कोपऱ्यावर एकमेकांसाठी थांबत आणि मग सगळी मिळून निघत. आज आमच्या एका इमारतीतली मुले पाच वेगवेगळ्या शाळांत जातात आणि प्रत्येक शाळेची वेळ निराळी असते. रस्ते बिघडले हे खरेच आहे, पण त्याआधी मुलांची सोबत सुटली, असे मला वाटते.

सोबतीचे महत्त्व मला बिहारच्या उदाहरणावरून अधिक नीट कळले. तेथील शासनाने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलींसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील नावनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. या यशामागे काय असावे, याविषयी त्यांनी मांडलेला एक अंदाज मला फार मोलाचा वाटतो. गावातल्या सगळ्या मुलींना एकाच वेळी सायकली मिळाल्यामुळे त्या गटाने शाळेला जाऊ लागल्या आणि त्यामुळे वाट अधिक सुरक्षित झाली असावी, असा तो अंदाज आहे. एकट्या मुलीला सायकल मिळाली असती, तर तिच्या आईवडिलांची काळजी बहुधा तशीच राहिली असती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. सकाळी एका रांगेत शाळेला निघालेल्या अशा मुली ज्याने पाहिल्या असतील, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शहरांतही हे साधते. बार्सिलोनाच्या एशांप्ले भागात २०२१ च्या सप्टेंबरपासून काही पालकांनी दर शुक्रवारी मुलांना एकत्र सायकलीने शाळेत नेण्यास सुरुवात केली. या प्रथेला ते ‘सायकल-बस’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. बसला जसा ठरलेला मार्ग, थांबे आणि वेळ असते, तसेच येथेही असते. वाटेत मुले येऊन मिळत जातात.

आम्हीही तीन घरांनी मिळून अशाच सायकल-बससाठी आठवड्यातला एकच दिवस, गुरुवार, निवडला. रोजचा हट्ट धरला असता तर पंधरा दिवसांत सगळे थकलो असतो. गटात पाचवी ते आठवीचीच मुले घेतली. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतल्यापासून लहान आणि मोठ्या भावंडांच्या वेळा जुळत नाहीत, हे त्याचे एक कारण. पहिला थांबा आमच्या फाटकाशी ६ वाजून ३५ मिनिटांनी, दुसरा दूध केंद्रापाशी आणि तिसरा उद्यानाच्या कोपऱ्यावर. एक पालक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, आणि वेग सर्वांत हळू चालवणाऱ्या मुलाचा. चौकात पुढचा पालक सायकल आडवी घालून थांबतो आणि सगळी मुले एकदमच रस्ता ओलांडतात. एकट्या मुलाला न जुमानणारा मोटारचालक दहा मुलांपुढे ब्रेक लावतो, हे मी दर गुरुवारी पाहते.

जुलैत एक अपघात झाला. पाचवीतल्या एका मुलाच्या रेनकोटचे टोक साखळीत अडकले आणि तो डाव्या कुशीवर पडला. गुडघा सोलवटला, हाताला खरचटले. मागून येणारा रिक्षावाला वेळीच थांबला म्हणून त्यावरच निभावले. त्याच्या आईला दूरध्वनी करताना माझा आवाज कापत होता. त्या रविवारी आम्ही सगळ्या मुलांना सायकलींसह खाली बोलावले आणि तेव्हापासून तो आमचा शिरस्ताच झाला. चाकांतली हवा, ब्रेक आणि साखळीचा ताण पाहायचा. बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकीच सीट वर घ्यायची. रेनकोटच्या विजारीच्या कडा चिमट्याने आवळायच्या. दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधायचे. पाठीवर सहा किलोंचे ओझे असलेले मूल वळून मागे पाहूच शकत नाही, हे मला तोवर सुचले नव्हते.

शाळेशी झालेली चर्चा याहून लांबली. आवारात दुचाकींसाठी जागा होती, सायकलींसाठी नव्हती आणि मुलांनी त्या बाहेर पदपथावर लावाव्यात, असे आम्हाला सांगण्यात आले. मुलांच्या वाहनाला शाळेच्या आवारात प्रथम जागा मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. चार पत्रे आणि दोन बैठकांनंतर मैदानाच्या भिंतीलगत बारा सायकलींची जागा मिळाली. आज ती अपुरी पडते.

मुलांमध्ये या काळात जे बदलत गेले, ते आम्ही ठरवून केलेले नव्हते. मागून “दादा, थांब ना, चेन पडली!” अशी हाक आली, की आठवीतला मुलगा कुणी न सांगता उलटा फिरतो, सायकल स्टँडवर लावतो, काडीने साखळी दातांवर चढवतो आणि काळे झालेले बोट पदपथावरच्या गवताला पुसतो. तोवर बाकीची मुले कडेला उभी राहतात.

येत्या जूनमध्ये शेजारची एक मुलगी पाचवीत जाईल. तिला अजून एक हात सोडून सायकल चालवता येत नाही, त्यामुळे वळताना हात दाखवणे जमत नाही. गेल्या रविवारी माझी मुलगी तिच्या शेजारून धावत होती, एक हात तिच्या सीटवर ठेवून. “आता डावा दाखव, मी धरलंय,” असे ती सांगत होती.