किबालेची रात्र: ते बुशबेबी नव्हतंच

युगांडातल्या किबाले जंगलाजवळच्या फोर्ट पोर्टल गावी हॉटेलात 'बुशबेबी वॉक' (बुशबेबी हा मोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा छोटा प्राणी) म्हणून डॉलर मोजले आणि हॉटेलच्या माणसाने जंगलाच्या कडेकडेने फिरवून आणलं. दुसऱ्या रात्री कन्यांचूच्या, म्हणजे किबाले राष्ट्रीय उद्यानाच्या, ऑफिसातून रेंजरबरोबर आत गेलो, तेही कमी पैशांत. मधला माणूस टाळा, एवढं तरी माझ्यावरून शिका.

पैशांपेक्षा जास्त झोंबलं ते नाव. पहिल्या रात्री टॉर्चमध्ये डोळे चमकले की आमचे हॉटेलवाले साहेब म्हणत, "बुशबेबी!" एक जोडी डोळे फांदीवर पाच मिनिटं जागचे हलले नाहीत. तेही बुशबेबी! रेंजरला मोबाइलमधला धूसर फोटो दाखवला, तर तो हसला. तो पोट्टो होता. आपल्या सह्याद्रीतल्या लोरिसच्या (लाजवंतीच्या) कुळातला.

डोळ्यांच्या रंगावर जाऊ नका, दोघांचेही नारिंगीच चमकतात. चाल बघा. बुशबेबी म्हणजे गॅलेगो, टुणकन उडी मारतो. डोळे इथे विझले की दोन झाडं सोडून पेटतात. कान मोठे, शेपूट लांब. त्यातला डेमिडॉफचा गॅलेगो तर जेमतेम 60-70 ग्रॅमचा, मुठीत मावेल. पोट्टो किलोभर वजनाचा, शेपूट आखूड, उडी मारतच नाही. एकेक हातपाय सोडत फांदीवरून सरकतो. हाताची तर्जनी म्हणजे नुसतं खुंट, पण पकड पक्कडीसारखी. डोळे चमकले आणि मागे लांब पट्टेरी शेपूट लोंबताना दिसली, तर ते पाम सिव्हेट, म्हणजे उदमांजरासारखा प्राणी, असू शकतं. आणि रात्री कोणी गळा आवळल्यासारखं किंचाळलं तर तो वृक्ष-हायरॅक्स, झाडावर राहणारा सशाएवढा प्राणी. आमच्या साहेबांनी तोही बुशबेबीच्याच खात्यात घातला होता!

वाटेचा वाईट तुकडा एकच: ओढ्यानंतरचा चिखल. तिथे चावऱ्या सियाफू मुंग्यांची रांग आडवी होती आणि मी मान वर करून झाडं बघत मधोमध उभा. पँट मोज्यांत खोचा, आळस करू नका. माझा उजवा पाय अजून खाजतोय, म्हणून कदाचित जरा जास्तच सांगतोय.

दिवसा चिंपांझी दिसले. छान होते.

टॉर्चला लाल कागद लावा, फ्लॅश बंद ठेवा. दुर्बीण न्याच, तिच्याशिवाय शेपूट दिसत नाही आणि शेपूट दिसली नाही तर कोणी सांगेल तेच नाव मानावं लागतं.