डनॉलीच्या झाडीत १७ इंची कॉईल नेऊ नका

सरळ मुद्द्यावर येतो. मेलबर्नहून सोनं शोधायला व्हिक्टोरियाच्या गोल्डन ट्रँगलमध्ये, म्हणजे डनॉली, टार्नागुला, मोलियागुल, वेडरबर्न या पट्ट्यात पहिल्यांदा जाणार असाल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी मेटल डिटेक्टरला १७ इंची कॉईल (जमिनीवरून झुलवायची पुढची तबकडी) भाड्याने घेऊ नका. ११ इंची मोनो (आत तारेचं एकच वेटोळं असलेली कॉईल) घ्या आणि निघा. घाई असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

आम्ही घेतलं होतं जीपीएक्स ६००० हे डिटेक्टर. मशीन एक नंबर आहे, त्याला दोष नाही. त्याला तीन कॉईली येतात, ११ इंची गोल मोनो, १४ इंची डीडी (आत डी आकाराची दोन वेटोळी) आणि १७ बाय १३ ची लंबगोल मोनो. ज्याच्याकडून भाड्याने घेतलं त्याने (नाव घेत नाही) ही तिसरी आमच्या गळ्यात मारली, रोजचे ४० डॉलर जादा लावून. का, तर मोठी कॉईल म्हणजे जास्त खोल आणि खोल म्हणजे मोठा नगेट, म्हणजे सोन्याचा गोळा. वर हँड ऑफ फेथची गोष्ट ऐकवली, १९८० मध्ये किंगोवरला केव्हिन हिलियर नावाच्या माणसाला डिटेक्टरने सापडलेला २७ किलोचा तुकडा, जो पुढे लास व्हेगासच्या कॅसिनोने विकत घेतला. गोष्ट खरी आहे, पण तो तुकडा जेमतेम फूटभर खाली होता हे मात्र त्याने सांगितलं नाही. मोलियागुलचा वेलकम स्ट्रेंजर, १८६९ सालचा, ७० किलोच्या आसपासचा, तो तर झाडाच्या बुंध्याशी मातीखाली इंचभरावर होता! म्हणजे खोली विकायला जी उदाहरणं वापरतात तीच उथळ निघतात, आणि आपण काउंटरवर उभे राहून मान डोलावत असतो.

आता कॉईलचं गणित. मोठी कॉईल मोठी वस्तू जास्त खोलवर पकडते हे बरोबर आहे. पण तिचं चुंबकीय फिल्ड पसरट असतं त्यामुळे तांदळाच्या दाण्याएवढा सोन्याचा कण तिला फार हलका ऐकू येतो किंवा येतच नाही, शिवाय ती एका वेळी जास्त माती बघते, आणि इथली माती म्हणजे लाल चिकणमाती अधिक आयर्नस्टोनचे खडे. कोकणातला जांभा डोळ्यासमोर आणा, तसलं लोखंडाने भरलेलं प्रकरण. जेवढी जास्त माती तेवढी जास्त कुरकुर कानात. आणि नवशिक्याला या भागात सापडलं तर काय सापडणार? ग्रॅमच्या आतले कण. मग १७ इंच घेऊन कोणता हत्ती पकडायचाय?

डनॉली ते टार्नागुलाच्या मधली ती एक घळ मी विसरणार नाही. नकाशावर जुनी डिगिंग्ज, म्हणजे सोन्यासाठी खणलेल्या जागा, दिसतात म्हणून गेलो. आत बघतो तर बॉक्स-आयर्नबार्कची (निलगिरीच्या जातीची) पोरसवदा झाडी, दोन खोडांमध्ये धड हातभर जागा नाही, खाली सालींचा आणि काटक्यांचा सडा. १७ इंची कॉईल झुलवायला मोकळी जागा लागते, इथे ती दर झोक्याला खोडावर ठप्प, ठप्प. आपटली की मशीन ओरडतं, आपण थांबतो, खाली वाकतो, काही नसतं. जमिनीपासून दोन इंच वर धरली की काटक्या चुकतात पण मग बारीक सिग्नल गेलाच. त्यात वजन पुढच्या टोकाला, हार्नेस असूनही दुपारपर्यंत खांदा आणि मनगट दोन्ही कामातून गेले. वरून माशा, तोंडात जातात अक्षरशः. माझा मित्र नागपूरचा, उन्हाचं त्याला कौतुक नाही, पण तोही तीन वाजता खाली बसला आणि म्हणाला, अरे हे काय कवायत करायला आणलंस का मला. एवढ्या सगळ्यात हाती काय, तर छर्रे, बुटाचे खिळे आणि एका डब्याचं झाकण.

दुसऱ्या दिवशी गाडीत पडलेली ११ इंची लावली, त्याच घळीत. फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो, खोडांमधून आरामात जाते, कान शांत. एका मुळाशी हलकासा ऊं-ऊं असा आवाज आला, दोन्ही बाजूंनी कॉईल झुलवली तरी टिकला. कॉईल कडेवर उभी करून टोकाने जागा धरली, कारण मोनोची धार तिच्या कडेलाच असते. तिथली माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घेतली, स्कूप कॉईलवरून फिरवला, आवाज आला, अर्धी माती टाकली, परत फिरवला, परत अर्धी टाकली, असं करत तळहातावर चिमूटभर लाल धूळ राहिली आणि तिच्यात तो पिवळा कण. मोजला तर ०.२ ग्रॅम. भाड्याच्या मानाने हसण्यासारखं आहे पण आम्ही दोघं येड्यासारखे ओरडलो, खरं सांगतो. त्यामुळे ११ इंचीबद्दल मी जरा जास्तच प्रेमाने लिहितोय हे धरून चाला.

१४ ची डीडी कधी? विजेच्या तारांखाली किंवा गावाजवळ मशीन सतत किरकिरत असेल तेव्हा. खोली थोडी जाते, डोकं वाचतं. १७ इंची फक्त मोकळ्या, सपाट, झाडं नसलेल्या जागी आणि तेही ११ ने ती जागा पिंजून झाल्यावर. अशा बऱ्याच जागा खाजगी शेतात असतात, तिथे मालकाची परवानगी लागते. आणि ऑनलाईन स्वस्त कॉईल दिसली म्हणून उचलू नका, पल्स इंडक्शनच्या (आमच्यासारख्या, जमिनीत थांबून थांबून झटके सोडणाऱ्या) मशीनला व्हीएलएफची (सतत कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या डिटेक्टरची) कॉईल चालत नाही, एकाच कंपनीची असली तरी.

उगाच खोटे सिग्नल यायला लागले तर आधी कॉईलखालचं कव्हर काढून झटका, आत आयर्नस्टोनची बारीक रेती जाऊन बसते. मग वायर दांड्याला घट्ट गुंडाळलीय का बघा, लोंबती वायर हलली की बोंबलते. लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट घालू नका. कुदळीला लोहचुंबक चिकटवून ठेवा, निम्मे खिळे तिथेच उचलले जातात. छर्रे मात्र शिशाचे, ते चिकटत नाहीत आणि आवाज थेट सोन्यासारखा, ते खणावेच लागतात.

मायनर्स राईट (सोनं शोधायचा सरकारी परवाना) ऑनलाईन काढा, १० वर्षं चालतो, शोधणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लागतो. नॅशनल पार्कमध्ये सरसकट परवानगी नाही, नकाशा बघून जा. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. आणि हेडफोन लावून मान खाली घालून चालताना जुन्या शाफ्टकडे (खाणीच्या उभ्या खोल खड्ड्यांकडे) लक्ष ठेवा, काही उघडेच आहेत, कुंपण नाही काही नाही. इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) जाऊच नका, ऊन आणि ब्राऊन स्नेक दोन्ही वाईट.

घरून दोन-तीन जणांनी विचारलं की हे मशीन घेऊन आपल्या गडांवर गेलं तर. अजिबात नाही. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे.

शेवटचं, पैशाचं. मशीन परत करताना त्या दुकानदाराने १७ इंचीचं कव्हर उलटं करून ओरखडे दाखवले आणि डिपॉझिटमधून ६० डॉलर कापले. अरे बाबा, ते कव्हर ओरखडे खायलाच असतं! त्यातले अर्धे ओरखडे आधीपासूनचे होते. घेतानाच कव्हरचा, वायरच्या कनेक्टरचा आणि दांड्याच्या क्लिपांचा फोटो काढा, त्याच्यासमोर काढा, आणि तिथल्या तिथे त्यालाच पाठवून ठेवा.