टीपीयू ट्यूब घेऊन वऱ्हाडात जाऊ नका : नागपूर ते लोणार, सायकलवर सहा दिवस

ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. नारिंगी रंगाच्या, मुठीत मावणाऱ्या त्या नव्या टीपीयू (एक जातीच्या पातळ प्लास्टिकच्या) सायकल ट्यूब घेऊन विदर्भाच्या खेड्यात जाऊ नका. टायर ट्यूबलेस करून घ्या (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारा चिकट द्रव म्हणजे सीलंट असतं), नाहीतर साध्या रबरी ट्यूब लावा. मधला मार्ग नाही.

नागपूरच्या एका दुकानात मला सांगितलं होतं, "वजन एक तृतीयांश, काटा लवकर शिरत नाही, आणि शिरलाच तर कुठेही पंक्चर काढता येतं." वजनाचं खरं आहे. माझ्या ३८ मिमी टायरची रबरी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, ही साठेक ग्रॅमची. उरलेली दोन्ही वाक्यं खोटी निघाली. एका ट्यूबला ६५० रुपये मोजून मी चार घेतल्या.

रस्ता असा होता : नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पोहरादेवी, वाशिम, रिसोड, लोणार. जानेवारीचा मध्य, सोबत एक मित्र. समृद्धी महामार्ग नकाशावर सरळसोट दिसतो, पण त्यावर दुचाकीलाही बंदी आहे, सायकलचा तर प्रश्नच नाही. यवतमाळपर्यंतचे दोन दिवस छान गेले. त्यावर लिहायला काही नाही, रस्ता चांगला आहे, जा.

तिसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या पुढे मोठ्या रस्त्यावरचे ट्रक चुकवायला फोनवरच्या नकाशाचं ऐकलं. त्याने सात किलोमीटरचा 'रस्ता' दाखवला. ती पांदण होती, म्हणजे शेतांमधली कच्ची गाडीवाट. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे बैलगाडीची चाकोरी, आणि आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन गेलेला. काळ्या मातीत पाणी शिरलं की ती फुगते आणि लापशीसारखी चिकटते. पहिल्या तीनशे मीटरमध्ये माझं पुढचं चाक फिरायचं थांबलं. मडगार्ड आणि टायरच्या मधे माती ठासून भरली होती. शेताच्या कडेला कापसाची पऱ्हाटी पडली होती, तिची काडी मोडून माती खरवडायची, वीस पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. सामानासकट सायकल पस्तीस किलोची, त्यात मातीचे चार-पाच किलो. सात किलोमीटरला साडेचार तास लागले, आणि तेही पूर्ण झाले नाहीत.

त्या मातीत बाभळीचे काटे होते. शेतकरी कुंपणाला फांद्या तोडून टाकतात, त्या गाडीखाली येऊन चाकोरीत रुततात. वरून दिसत नाहीत. माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. अर्ध्या तासात पुढचं बसलं. तीही बदलली. मग परत मागचं. खरवडलेल्या टायरमधून बोटाने चाचपून मी सात काटे काढले, त्यातला एक माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता. पोहरादेवीपर्यंत पुरतील म्हणून घेतलेल्या जादा ट्यूब दुपारी दोनलाच संपल्या.

मित्राची सायकल ट्यूबलेस. त्याच्या टायरमध्येही काटे शिरले, आम्ही मोजून अकरा उपटले. प्रत्येक भोकातून पांढरं सीलंट दोन सेकंद फुसफुसलं आणि बंद झालं. त्याने अख्ख्या सहा दिवसांत दोनदा हवा भरली, बस. मी आता या बाबतीत कुणाशी वाद घालणार नाही. फक्त निघण्याआधी सीलंट ताजं घाला, आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकून पापुद्रा होतं. मोठी चीर बुजवायच्या दोऱ्या आणि एक साधी ट्यूब सोबत हवीच.

शेवटी एक पिकअपवाला भेटला. डांबरी रस्त्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर आणि पुढे दिग्रसकडे काही अंतर, याचे त्याने ७०० रुपये घेतले. माझी अवस्था बघून भाव सांगितला हे मला कळत होतं, पण थंडी वाजत होती आणि अंधार पडत होता. तीनशेच्या वर देऊ नका. खरं तर थांबा, मागून ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टरवाले बहुतेक पैसेच घेत नाहीत.

रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात काका बसले होते. माझी ट्यूब त्यांनी घासली, सोल्यूशन लावलं, फुंकलं, पॅच दाबला, आणि पॅच सालासारखा निघून हातात आला. दुसऱ्यांदा तेच. मग ट्यूब उजेडात धरून म्हणाले, "हे टूब नोय भाऊ, पन्नी होय पन्नी."

बरोबर बोलले. टीपीयू म्हणजे एक जातीचं प्लास्टिकच. रबराचं सोल्यूशन रबरात मुरतं, यावर ते धरत नाही. त्याला त्याचे वेगळे पॅच लागतात, आधी स्पिरिटने पुसून जागा कोरडी करावी लागते. पांदणीत चिखलाने माखलेल्या हातांनी ते होणं नाही.

आता दुसरी अडचण. काकांकडे २८ इंची साध्या सायकलची रबरी ट्यूब होती. ती माझ्या टायरमध्ये बसते, रबर ताणून घेतं. पण तिचा व्हॉल्व्ह जाड, आणि माझ्या रिमचं भोक प्रेस्टा नावाच्या बारीक जातीच्या व्हॉल्व्हचं, साडेसहा मिमीचं. काकांनी गोल कानस काढली. रिम मांडीवर घेऊन, भोकात कानस फिरवत, दर दहा-बारा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह लावून बघत त्यांनी भोक मोठं केलं. ॲल्युमिनियमचा चुरा त्यांच्या लुंगीवर चांदीसारखा पडत होता. शेवटी अंगठा भोकात फिरवून धार लागत नाही ना हे पाहिलं, आणि मगच ट्यूब घातली. दोन्ही चाकांचे मिळून, ट्यूबसकट, ३०० रुपये. पिकअपवाल्याच्या अर्ध्याहून कमी. तिथून लोणारपर्यंत एकदाही चाक बसलं नाही. तुमच्या रिमचं भोक बारीक असेल तर घरीच मोठं करून घ्या. पुढे पुन्हा प्रेस्टा ट्यूब लावायची झाली तर त्या भोकात बसवायला लहान रिंग मिळते. आणि प्रेस्टावर लावायची पितळी टोपी दोन न्या, तिच्याशिवाय गावातला पंप तुमच्या काही कामाचा नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात.

बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा पंप नवीन घेतला होता. उपयोगी आहे. एका चार्जमध्ये माझी दोन चाकं नीट भरली, तिसरं अर्ध्यावर राहिलं. हातपंप घरी ठेवायचा विचार करू नका.

तंबू आपल्या पायावर उभा राहणाराच घ्या, खुंट्यांवर ताणलेला नको. सुकलेल्या काळ्या मातीत खुंटी वाकते, ओल्यात उपटून येते, आणि आम्ही तीन रात्री जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, तिथे फरशीत खुंटी ठोकणार कुठे? सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारायचं, कुणी नाही म्हणत नाही, सकाळी शाळा भरायच्या आत आवरून झाडून निघायचं. शेतात लावाल तर खाली जाड ताडपत्री हवीच. तूर कापल्यावर जी धसकटं उरतात ती तिरपी कापलेली असतात, माझ्या तंबूच्या तळाला त्यांनी दोन भोकं पाडली.

हे मात्र नीट वाचा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना अडवायला शेतांना झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या तारा असतात, आणि काही ठिकाणी चोरून थेट वीजही सोडलेली असते. अंधारात कुठल्याही बांधावर चढू नका, तारेला सायकल टेकवू नका. मालकाला विचारल्याशिवाय शेतात पाऊलच ठेवू नका. कितीही थकलेले असलात तरी.

गॅसची छोटी शेगडी वाहून नेली, तिचा स्क्रूवाला डबा संपल्यावर वाटेत कुठेही मिळाला नाही, आणि रेल्वेत तो नेता येत नाही. पोहे, मिसळ, चहा प्रत्येक फाट्यावर मिळतो. शेगडी घरी ठेवा.

पाण्याचा पिळून वापरायचा फिल्टरही नको. तो जंतू अडवतो, पाण्यात विरघळलेला क्षार किंवा फ्लोराइड अडवत नाही, आणि यवतमाळ भागात काही गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे. मोठ्या गावांत आरओचं पाणी नाणं टाकून मिळतं, तिथेच दोन बाटल्या जास्त भरा.

मागून येणारी गाडी ओळखणारा रडारवाला दिवा मित्राने लावला होता. मोठ्या रस्त्यावर चांगला. पण किंमत बघता हँडलचा तीनशे रुपयांचा आरसा मला पुरला.

पुढचं मडगार्ड मात्र पहिल्या थेंबाला काढून मागे बांधा. अंग भिजेल, पण चाक फिरेल.

लोणारला सहाव्या दिवशी चार वाजता पोचलो. कडेवर उभं राहून खाली पाहिलं आणि पायातला सगळा गोळा गेला. सुमारे १.८ किलोमीटर रुंद खड्डा, तळाशी ते खारं हिरवट पाणी, वर पोपटांचे थवे. मी बराच वेळ काही बोललोच नाही. विवर अभयारण्यात येतं, आत तंबू लावता येत नाही, रात्रीची सोय गावात बघा. आणि परतीची आधीच ठरवून ठेवा, तिथे रेल्वे नाही. आम्ही जालन्यापर्यंत सायकलनेच गेलो.

माझी सायकल आता ट्यूबलेस करायला टाकली आहे. उरलेल्या टीपीयू ट्यूब कुणाला शहरात वापरायला हव्या असतील तर देईन, वऱ्हाडात न्यायला देणार नाही.