सहा शब्दांची जागा

स्पर्धा परीक्षांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकांचं भाषांतर मी अकरा वर्षं करते आहे. तिसरं प्रूफ आलं की फक्त काना-मात्रा, वेलांट्या बघायच्या, मजकुराला हात लावायचा नाही. गेल्या महिन्यात मी हा नियम मोडला.

प्रकरण दोन महायुद्धांमधल्या शस्त्रकपातीचं. १९२२ चा वॉशिंग्टन करार, ब्रिटन, अमेरिका आणि जपानच्या मोठ्या युद्धनौकांचं ५:५:३ हे प्रमाण, सगळं जागेवर होतं. पुढे राष्ट्रसंघाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या लीग ऑफ नेशन्सच्या, सनदेचं कलम ८. मी लिहिलं होतं, ‘शांततेसाठी राष्ट्रीय सुरक्षिततेला बाध न येऊ देता शस्त्रास्त्रे किमान पातळीवर आणणे आवश्यक आहे.’ छापून आलं होतं, ‘शांततेसाठी शस्त्रास्त्रे किमान पातळीवर आणणे आवश्यक आहे.’

मधले सहा शब्द कुणीतरी पानात बसवण्यासाठी कापले होते. कापलेलं भाषांतरकाराला कळवायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

त्या सहा शब्दांवर माझे दोन दिवस गेले होते. आधी ‘सुरक्षितता सांभाळून’ असं लिहिलं होतं. पण ‘सांभाळून’ फार मवाळ, घरगुती वाटतं. मूळ मजकुरात ती अट आहे, आणि पुढचं सगळं त्या अटीवरच अडलं. २ फेब्रुवारी १९३२ ला जिनिव्हात निःशस्त्रीकरण परिषद भरली. जपानच्या शांघायवरच्या हल्ल्यामुळे राष्ट्रसंघाच्या कौन्सिलची तातडीची बैठक लागली, म्हणून उद्घाटनच तासभर लांबलं. फ्रान्स म्हणत होता, आधी सुरक्षिततेची हमी द्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं होतं, रणगाडे बंद केले होते. जर्मनी समान हक्क मागत होता. कोणता रणगाडा आक्रमक आणि कोणता बचावाचा, यावर तज्ज्ञांचं एकमत होईना. जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी एक तृतीयांश कपात सुचवली, तीही मान्य झाली नाही. ऑक्टोबर १९३३ मध्ये हिटलरचा जर्मनी बाहेर पडला. हे सहा शब्द काढले, तर सगळे देश दिलेला शब्द फिरवत होते एवढंच मुलांना कळणार. प्रत्येकाची भीती कलमातच लिहून ठेवली होती, हे कळणारच नाही.

मी कचेरीत गेले. संपादक म्हणाले, “मॅडम, परीक्षेत कलमाचा क्रमांक विचारतात.” अशा उत्तरांनीच आपली इतिहासाची पुस्तकं कोरडी झाली आहेत. मी हटले नाही. शेवटी ते कबूल झाले.

डीटीपीवाल्या मुलानं शब्द परत घातले. “ताई, दोन ओळी वाहतायत. सोळा पानं एकत्र छापायचा फर्मा आहे, पुढचं पान हलवता येणार नाही. काहीतरी काढा.”

त्याच पानावर एक वाक्य होतं: ‘६ फेब्रुवारी १९३२ रोजी महिला संघटनांनी जगभरातून गोळा केलेल्या ऐंशी लाख सह्यांचे गठ्ठे परिषदेचे अध्यक्ष आर्थर हेंडरसन यांच्यापुढे आणून ठेवले.’ बरोबर दोन ओळी. दारोदार फिरून एकेक सही घेतलेली. शेजारी प्रेसचा माणूस उभा होता. मीच त्या वाक्यावर बोट ठेवलं. पान बसलं.

पानाच्या वरच्या भागात एका युद्धनौकेचं चित्र होतं, चांगलं पाव पान व्यापणारं. ते दोन ओळींइतकं लहान करता आलं असतं. हे मला घरी जाताना रिक्षात सुचलं. लगेच फोन लावला. छपाईच्या प्लेटा निघाल्या होत्या.