खालच्या गुहेची वरची वाट

'हिलाझोन तख्तीत' या नावातल्या 'तख्तीत'चा हिब्रूत अर्थ 'खालची'. मी त्या शब्दावर विसंबलो, तुम्ही विसंबू नका. ही 'खालची' गुहा ओढ्याच्या पात्रापासून शंभराहून जास्त मीटर वर, कड्याच्या अंगाला आहे. वरचीला जायला काय लागत असेल देव जाणे.

मार्च २०१९ मध्ये मी इस्राएलला दहा दिवस होतो. जेरुसलेम, मृत समुद्र वगैरे सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं, छान झालं, ते सोडून देतो. मला बघायची होती उत्तरेकडच्या गॅलिलीत याच गुहेतली 'कासवांची कबर', म्हणजे कासवांच्या कवचांनी वेढलेलं एका बाईचं प्राचीन थडगं. जाऊन आलेल्या एकाने सांगितलं होतं, "रस्त्यापासून अर्धा तास, पायवाट आहे, पाटी आहे." मला पायवाटही दिसली नाही आणि पाटीही. अर्ध्या तासाचे माझे सव्वादोन तास झाले. सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलेल्या माणसाचे सव्वादोन तास, हे लक्षात घ्या.

पहिली चूक शनिवारची. लोदला आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात, मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. घरात अजून मराठी. त्यांनी बजावलं होतं, "बाळा, शुक्रवारी दुपारनंतर आगगाडी बंद होते. रविवारी जा." मी शहाणा. शुक्रवारी सकाळच्या गाडीने हैफामार्गे गुहेजवळच्या कार्मिएल गावी पोचलो (हा लोहमार्ग २०१७ पासून आहे, प्रवास सुखाचा) आणि शनिवारी सकाळी टॅक्सीशिवाय पर्याय उरला नाही. टॅक्सीवाल्याने मीटर टाकलाच नाही. १८० शेकेल. तेवढंच अंतर येताना दुसऱ्या गाडीने ७० मध्ये आणलं. मीटरला तिथे 'मोने' म्हणतात. बसायच्या आधी "मोने, बेवाकाशा" (मीटर, प्लीज) एवढं म्हणा आणि तो चालू झालेला डोळ्यांनी बघा. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मीटरचा दर चढा असतो हे खरं, पण अडीचपट नसतो. वर मावशींनी दिलेला पोह्यांचा डबा त्या पहिल्याच टॅक्सीत राहिला.

आता चढण. चुनखडीचा दगड, खालून झिजलेला आणि वरून सुरीसारखा धारदार. मधे गुडघाभर काटेरी झुडपं, आपल्या करवंदीच्या जाळीची खुजी बहीण म्हणा. हाफ पँट घालून जाल तर पोटऱ्या सोलून निघतील. चढताना काटे असले तरी झुडपं धरता येतात, उतरताना तेही नाही. मधला एक टप्पा मी अक्षरशः बसून घसरत उतरलो. गुडघ्यांची तक्रार असेल तर जाऊच नका. एकट्याने तर मुळीच नको. मी एकटा गेलो, तो मूर्खपणा होता.

आणि वर गेल्यावर काय? छोटीशी गुहा, माती आणि खोदकामाच्या खुणा. कासवाचं एक कवचही नाही. असणार कसं, ते सगळं केव्हाच काढून नेलेलं. बघण्यासारखं शून्य.

पण घामेजून तिथे बसलो आणि इतकी वर्षं वाचलेलं प्रकरण पहिल्यांदा नीट कळलं. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी नातुफियन लोकांनी इथे एक बाई पुरली. ही माणसं शेतीच्या उंबरठ्यावरची: मुक्काम बरेचसे स्थिर, पण पीक अजून रानातलंच. बाई साधारण पंचेचाळीस वर्षांची, उंची जेमतेम दीड मीटर. कंबरेच्या हाडात आणि मणक्यांत दोष होता, म्हणजे लंगडत चालत असणार. पुरातत्त्वज्ञ लेओर ग्रोसमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कबरीचा तपशील प्रसिद्ध केला. बाईभोवती किमान पन्नास कासवांची कवचं मांडलेली. शिवाय गरुडाच्या पंखाचं टोक, बिबट्याच्या कंबरेचं हाड, रानडुकराचा पुढचा पाय, गाईची शेपटी, मार्टेन नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या दोन कवट्या आणि कुणा दुसऱ्याच माणसाचं एक पाऊल. अंगावर दहा मोठे दगड, वरून शिळा. ही बाई मांत्रिक असावी असं संशोधकांना वाटतं.

कासवं नुसती सजावटीला नव्हती. आधी खाल्ली, मग कवचं ठेवली. मांस काढताना ती पोटाच्या बाजूने फोडली आणि पाठीची ढाल शाबूत राखली. २०१० च्या अभ्यासात मोजणी किमान ७१ कासवांपर्यंत गेली, शिवाय तीन रानबैल. नुसत्या कासवांच्या मांसात पस्तीसेक माणसं जेवली असती.

आता माझा हिशोब. ते कासव म्हणजे जमिनीवरचं, ओंजळीत मावेल एवढं. ते कळपाने राहत नाही. हंगाम त्याचाच होता, ऊन छान होतं, आणि त्या अख्ख्या दिवसात मला किती दिसली? दोन. त्यातलं एक मी जवळजवळ तुडवलं म्हणून दिसलं. म्हणजे सत्तर जमवायची तर कितीतरी माणसांनी कितीतरी दिवस झुडपं धुंडाळली असणार, जिवंत साठवली असणार आणि मग हा दळभद्री चढ चढवला असणार. या गुहेत कोणी राहत नव्हतं, ती पुरण्याचीच जागा होती. ओझं नसताना माझी ही गत, तर टोपलीभर हलणारी कासवं आणि एक प्रेत घेऊन चढणाऱ्यांची काय झाली असेल? त्या बाईचा मान किती होता ते कवचं मोजून मला कळलं नव्हतं, पोटऱ्या सोलल्यावर कळलं.

(कासव दिसलं तर उचलू नका. तिथेही संरक्षित आहे, आपल्याकडे घोरपड आहे तसं.)

चढ नको असेल तर हैफाच्या दक्षिणेला कार्मेलच्या पायथ्याची नाहल मेआरोत गुहासंकुल बघा. २०१२ पासून जागतिक वारसा, नीट पायऱ्या, पाट्या, तिकीट. पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरॉड यांनी १९२९ ते ३४ मध्ये खोदलेली हीच जागा. सोपी आहे, अर्ध्या दिवसात होते, म्हणून जास्त लिहीत नाही. फक्त एल-वाद गुहेत गेलात की बाहेरच्या अंगणात थांबा. तिथे याच नातुफियन लोकांच्या वस्तीत सरड्या-सापांचे मणके मोठ्या संख्येने मिळाले. प्रश्न असा की ते माणसांनी खाल्ले, घुबडांनी, की आपोआप मेले? २०२० मध्ये संशोधकांनी आजची हाडं भाजून, तुडवून, झिजवून बघितली आणि जुन्या हाडांशी ताडली. निष्कर्ष असा की बिनपायांचा एक मोठा सरडा आणि एक मोठा बिनविषारी साप माणसांच्या ताटात होते.

तेल अवीवजवळच्या केसेम गुहेसाठी मात्र वेळ घालवू नका. महत्त्व अफाट: दोन ते चार लाख वर्षांपूर्वी तिथे कासवं कवचासकट भाजून खात. पण २००० साली रस्त्याच्या कामात सापडलेली ती जागा महामार्गाला लागून आहे आणि मला कुंपणाबाहेरूनच परतावं लागलं. पंधरा मिनिटं ट्रकचा धूर खाल्ला.

लोदला परतल्यावर मावशींना सगळं सांगितलं. "शी, सरपटणारं खायचे? आमच्यात तसलं काही चालत नाही हो," म्हणाल्या. मग सोललेल्या पोटऱ्यांवर हळद लावून दिली आणि डब्याचं विचारलं.